शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवर

खेळण्यातले शिपाई मांडायचे, त्यांच्याभोवती घरातल्याच वस्तूंचा मुलूख उभा करायचा आणि बघणाऱ्याला हसू येईल असा फोटो काढायचा. एवढ्या साध्या छंदावरून घरातली दोन माणसं मनापासून भांडू शकतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं. इथे ते मामा आणि भाची अशा दोन आवाजांत मांडलं आहे. मामा लष्कराच्या ईएमईतले, म्हणजे गाड्या, तोफा, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दलातले. काही वर्षं खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये, शेवटची सिकंदराबादला, आणि निवृत्तीनंतर हैदराबादच्या दिलसुखनगरात. भाची शाळेत इतिहास शिकवते. मामांच्या घराखाली कोचिंग क्लासच्या पाट्या, हॉस्टेलं, मेट्रोकडे धावणारी पोरं. वर गॅलरीत एक पाट, पाटावर पसरलेला रवा, आणि रव्यात उभे हिरवे प्लास्टिकचे जवान.

भाची : मामा, आज कुठली लढाई?

मामा : लढाई कसली, रेशन पार्टी आहे. बस, पण पाटाला धक्का लावू नको. जवान पाच सेंटिमीटरचा, म्हणजे खरा माणूस त्याच्या पस्तीसपट. त्या हिशेबाने ही इडली अडीच मीटरहून रुंद आणि कमरेएवढी उंच झाली. दुर्बीणवाला सांबाराच्या वाटीच्या काठावर चढलाय. सरपटणारे दोघं इडलीच्या कडेखालून निघताहेत. आणि हा रेडिओवाला मागच्या चौकीला कळवतोय, की डोंगर ताब्यात आला, चटणी पाठवा.

भाची : हसू आलं, नाही म्हणत नाही. पण हसून झाल्यावर मला बरं वाटत नाही. हातात बंदूक असलेला माणूस इतका गोंडस का करायचा? मुलांना युद्ध आधी खेळण्यातून भेटतं, आणि खेळण्यात रक्त नसतं, वास नसतो, घरी जाणारी तार नसते. चर्चिलचं सांगते. लहानपणी त्याच्याकडे दीडेक हजार शिपाई होते, हे त्याने १९३० च्या आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय. एकदा वडील ती मांडलेली फौज बघायला आले. वीसेक मिनिटं बारकाईनं बघितली आणि विचारलं, तुला सैन्यात जायला आवडेल का? पोरगं लगेच हो म्हणालं. पुढे १९१५ साली त्याच माणसाने गॅलिपोलीच्या मोहिमेचा आग्रह धरला. तिथे किती माणसं वाया गेली, ते मी दरवर्षी नववीला शिकवते.

मामा : तू माझंच म्हणणं मांडलंस.

भाची : ते कसं?

मामा : बाप-लेक दोघंही फौज वरून बघत होते. टेबलावर मांडलेली, आपण उभे. वरून बघितलं की शिपायाचं फक्त टोपडं दिसतं, आणि टोपड्यांची रांग कितीही लांब असली तरी मोजायला सोपी. सेनापतीचा नकाशा तसाच असतो. मी काय करतो बघ. फोन उलटा धरतो, म्हणजे भिंगाची बाजू खाली येते आणि रव्याच्या जवळ जाते. आता या पडद्यात बघ.

भाची : अरे! हा तर माणसाएवढा दिसतोय. इडली केवढी थोरली दिसतेय.

मामा : त्यालाही तशीच दिसते. पाच सेंटिमीटरच्या माणसाचे डोळे साडेचार सेंटिमीटरवर असतात. कॅमेरा तिथे गेला की इडली खरंच डोंगर होते, आणि तुला हसू येतं ते त्याच्यावर नाही, त्याच्यावर आलेल्या प्रसंगावर. हाच फोटो उभ्याने काढला असता तर ताटात पडलेलं प्लास्टिक दिसलं असतं. ते बघून कुणी हसलं असतं तर तो हसणारा मलाही आवडला नसता.

या छंदातलं सगळ्यात महत्त्वाचं तंत्र हेच आहे असं मला वाटतं, आणि ते तंत्रापाशी थांबत नाही. लहान वस्तूचा फोटो काढायला शिकणाऱ्याला पहिली सूचना मिळते ती खाली वाकण्याची. नवशिके ती भिंगाची युक्ती समजतात. पण कॅमेऱ्याची उंची ठरली की हसू कोणाच्या बाजूचं हेही ठरून जातं.

भाची : बरं, उंची मान्य. पण खाली वाकून फोटो काढला म्हणून युद्ध बदलत नाही. एच. जी. वेल्ससारखा शहाणा लेखक शिपायांशी खेळायला जमिनीवर लोळत होता. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, त्यात त्या खेळाचे फोटो आहेत, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे उडवायचे नियम आहेत. शेवटी तो म्हणतो, की हा छोटा खेळ तीन-चारदा खेळून बघा, म्हणजे मोठं युद्ध किती गचाळ आणि मूर्ख गोष्ट आहे ते कळेल. चांगलं म्हणाला. पण वर्षभरात पहिलं महायुद्ध आलं आणि तोच वेल्स १९१४ मध्ये, हे युद्ध युद्धाचाच शेवट करील, असं पुस्तक लिहून मोकळा झाला. खेळाने काय थांबवलं?

मामा : काही नाही. माझ्या इडलीनेही काही थांबणार नाही, तसा माझा दावाच नाही. पण वेल्सच्या खेळात एक गोष्ट होती, ती माझ्याकडे नाही. बघून सांग.

भाची : तोफ?

मामा : शत्रू. त्याच्या खेळाला दोन बाजू लागायच्या. बेगम बाजारातून मी पाकीट आणतो, त्यात दोन रंगांचे शिपाई येतात, हिरवे आणि मातकट. एकमेकांवर रोखायलाच दिलेले असतात. मी दोन्ही रंग एकाच रांगेत उभे करतो. ही रांग चहाची आहे. इराणी चहाचा कप म्हणजे त्यांना दोन मीटरवर उंच टाकी. हा उस्मानिया बिस्किटाचा तुकडा स्ट्रेचरवरून नेताहेत. माझ्या फोटोत त्यांना त्रास देणारं जे काही आहे ते घरातलं आहे. मुंगी, कुकरची शिट्टी, कुणीतरी मारलेला केरसुणीचा हात. फौजेत माझी इतकी वर्षं गेली, त्यात गोळी झाडायची वेळ किती आली आणि लंगरच्या रांगेत, वर्कशॉपच्या चिखलात, सुटीच्या कागदाची वाट बघण्यात किती गेली, ते मला विचार. जवानाचं ते आयुष्य कोणत्याच खेळण्यात नसतं. पाकिटातला प्रत्येक जण सतत हल्ला करत असतो.

भाची : आणि तुम्ही त्याला हल्ल्यातून सोडवता?

मामा : सोडवता येत नाही, हीच तर गंमत आहे. प्लास्टिकच्या शिपायाची मुद्रा बदलत नाही. गुडघा टेकलेला कायम टेकलेला, खांद्यावर बाझूका घेतलेला कायम घेतलेला. मग बदलायची ती परिस्थिती. या पाकिटात एक सुरुंगशोधक येतो, हातात लांब दांडा आणि दांड्याला गोल थाळी. मुलं त्याला बाजूला टाकतात, कारण त्याच्याकडे रोखलेली बंदूक नाही. मी त्याला सोफ्याखाली पाठवला. तुझ्या मामीचं हरवलेलं कर्णफूल एका कडेला चमकतंय आणि हा गंभीर तोंडाने दुसऱ्याच दिशेला थाळी फिरवतोय. मामी तो फोटो बघून इतकी हसली, की कर्णफूल राहूनच गेलं. बघ, मी त्याच्यात काही बदललं नाही. तो आपलं काम जीव लावूनच करतोय. तसं काम करणारा माणूस चुकीच्या जागी असला की हसू येतं, आणि त्या हसण्यात त्याच्याबद्दल माया असते.

भाची : माया असते म्हणता. मग मी सरळच विचारते. गेल्या महिन्यात तुम्ही मिर्ची भज्याचा फोटो काढलात. भजं म्हणजे पडलेली तोफ, जवान चहूबाजूंनी दबकून पुढे सरकताहेत, मागे कापसाचा धूर. मला पाठवलात, मी उत्तर दिलं नाही. का, ते कळलं का?

मामा : नाही कळलं.

भाची : २१ फेब्रुवारी २०१३. संध्याकाळी सातच्या सुमारास याच रस्त्यावर सायकलींना लावलेले दोन बॉम्ब काही मिनिटांच्या अंतराने फुटले. कोणार्क आणि व्यंकटाद्री थिएटरांच्या जवळ. त्यातली एक जागा मिर्ची भज्याच्या दुकानापाशी होती. क्लास सुटलेली पोरं भजी खायला थांबली होती, बसची वाट बघत होती. शंभरावर लोक जखमी झाले, अनेक जण गेले. मामा, दिलसुखनगरात राहून भजं, दबकणारी माणसं आणि धूर एका फोटोत ठेवायचा नसतो. दुसऱ्या शहरात तो विनोद होईल. इथे नाही.

मामा : ... हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भाची : तेच म्हणतेय मी. शिपाई पाच सेंटिमीटरचा असला तरी तो उभा राहतो ती जमीन खरी असते. तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या उंचीला गेलात, पण त्याच्या मागचा रस्ता बघायचा राहिला.

मामा : तो फोटो मी कुणाला दाखवणार नाही. भजी मात्र सोडणार नाही. त्या रस्त्यावर आजही भजी तळली जातात आणि पोरं तिथे थांबतात, ते बरंच आहे. मी जवानांना भज्याच्या कढईपाशी रांगेत उभं करीन, पैसे हातात घेऊन. कापूस नको, धूर नको.

भाची : पैसे हातात घेतलेला शिपाई पाकिटात येतो?

मामा : बंदूक कापून हातात चमकी चिकटवता येते.

इथे भाचीची बाजू वरचढ आहे, आणि ती का आहे हे नीट बघायला हवं. विनोद वाईट म्हणून तिने तो फोटो नाकारला नाही. त्या फोटोत धूर आल्याबरोबर एक शत्रू आला, न दिसणारा. मामांचा स्वतःचाच नियम त्यात मोडला होता.

भाची : आणखी एक. हे सगळे शिपाई अमेरिकन आहेत. हेल्मेट बघा, बूट बघा, दुसऱ्या महायुद्धातले. अमेरिकेत १९३८ च्या सुमारास प्लास्टिकचे शिपाई निघाले, नंतर त्यांच्या नकला जगभर झाल्या, आणि ‘टॉय स्टोरी’ सिनेमाने १९९५ मध्ये त्यांना नव्याने घरोघर पोचवलं. दख्खनच्या इडलीवर अमेरिकन शिपाई कशाला? आपले मावळे घ्या की.

मामा : मावळे मी खडकीला असताना बघितले. दिवाळीच्या आधी पुण्यातल्या प्रत्येक बोळात पोरं माती कालवत असायची. विटा, पोती, चिखल, वर गेरूचे पट्टे, आणि अळीव-मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणायची. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, तोफेपाशी गोलंदाज. आता तू खाली बघ. पायथ्याशी काय असतं? गवळण असते, तिची घागर बुरुजापेक्षा मोठी. भाजीवाली असते. विहिरीत खरं पाणी. वाघ आणि बकरी शेजारी. आणि रस्त्यावर एसटीची लाल बस, कधी प्लास्टिकचं हेलिकॉप्टर, कधी ट्रॅफिक पोलीस. शिवाजी महाराजांच्या राज्यात ट्रॅफिक पोलीस! पण कुणी हटकत नाही. पोरांना कुणी शिकवलेलं नसतं, तरी ती गडावर कधी बस नेत नाहीत. गमतीचं सगळं पायथ्याला.

भाची : म्हणजे महाराजांसमोर तुम्ही इडली ठेवणार नाही.

मामा : नाही. आणि मावळ्यांसमोरही नाही, जोवर ते बुरुजावर आहेत तोवर. तो पायथ्याच्या वाटेवर डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेला एखादा मावळा असेल, त्याला मी डब्यातून लाडू उतरवायला लावीन. त्याला चालेल असं मला वाटतं. म्हणून मी हिरव्या शिपायांवर आलो. ते कुणाच्याच गडावरचे नाहीत. त्यांना नाव नाही, पलटण नाही. आणि अमेरिकन म्हणशील तर या पोरांना इडली अनोळखी, कुकर अनोळखी, झाडूला लागलेली मुंग्यांची रांग अनोळखी. परक्या मुलखात आलेला जवान कसा बावरतो ते मला माहीत आहे. मी सिकंदराबादला पहिल्यांदा गोंगुऱ्याची चटणी खाल्ली तेव्हा माझा चेहरा या बाझूकावाल्यासारखाच झाला होता.

भाची : तरीही एक फट राहते मामा. आजीच्या तोंडून रझाकारांच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ तारखेला निझामाने शरणागती दिली, पण त्याआधी आणि त्यानंतर माणसांचं जे झालं ते अजून घराघरात सांगितलं जातं. त्यावर तुम्ही एकही फोटो काढलेला नाही.

मामा : काढणारही नाही.

भाची : बरोबर. मग तुमच्या हिरव्या शिपायांच्या गणवेशात जे खरे लोक १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या वाळूवर पडले, त्यांच्या घरी काय सांगितलं जात असेल? तुम्हाला नाव माहीत नाही म्हणून त्यांना नाव नाही, असं थोडंच आहे. आपल्या आजीचं दुःख जवळचं, त्यांच्या आजीचं लांबचं, एवढाच फरक.

मामा : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. ते पडले त्यांच्यातल्याच माणसांनी मला हसायला शिकवलं. बिल मॉल्डिन हे नाव ऐकलंयस? दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर पायदळात होता आणि ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या फौजी वर्तमानपत्रात चित्रं काढायचा. विली आणि जो असे दोन शिपाई. दाढी वाढलेली, कपडे चिखलाचे, कायम थकलेले. जनरल पॅटनला ते अजिबात आवडायचं नाही, म्हणाला यामुळे शिस्त जाते. १९४५ मध्ये त्याने मॉल्डिनला समोर बोलावून झापलं. पण त्याच्याही वर असलेल्या आयझेनहॉवरने चित्रं चालू ठेवली, आणि त्याच वर्षी मॉल्डिनला पुलित्झर मिळालं. त्याचं एक चित्र मी वर्कशॉपमध्ये बघितलं, आमच्या एका साहेबांनी कापून लावलेलं. जुना घोडदळातला सार्जंट आहे. त्याच्या जीपचं चाक मोडून बसलंय. जखमी घोड्याला सोडवायची रीत असते, तसं त्याने एका हाताने डोळे झाकलेत आणि दुसऱ्या हाताने जीपच्या बॉनेटवर पिस्तूल रोखलंय. खाली एक शब्द लिहिलेला नाही. आम्ही गाड्या जोडणारी माणसं ते बघून पोट धरून हसायचो, आणि त्या सार्जंटचं वाईटही वाटायचं.

भाची : मॉल्डिन स्वतः खंदकात होता. त्याला तो हक्क होता.

मामा : होता. मला थोडा आहे. पाकीट विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आहे असं मी म्हणणार नाही.

भाची : आणि उलट बाजू बघा. डेव्हिड लेव्हिंथल नावाच्या छायाचित्रकाराने १९७७ मध्ये ‘हिटलर मूव्ह्ज ईस्ट’ हे पुस्तक केलं. सगळे फोटो खेळण्यातल्या शिपायांचे, जर्मनीच्या रशियावरच्या स्वारीचे. सोबत गॅरी ट्रूडो, जो मूळचा व्यंगचित्रकार. दोघं मिळून विनोद करू शकले असते. त्यांनी एकही केला नाही. फोटोतला मोठा भाग धूसर ठेवला, जरासा तुकडाच स्पष्ट, आणि खेळणं आहे हे माहीत असूनही पोटात गोळा येतो. ब्रायन मॅकार्टी तर युद्धाच्या प्रदेशात जातो, गाझात, लेबनॉनमध्ये, इराकमध्ये. तिथल्या मुलांनी काढलेली चित्रं घेतो, त्याच बाजारात मिळणारी खेळणी घेतो, आणि मुलांनी जे बघितलं ते त्या जागेवर मांडून फोटो काढतो. खेळण्यातला शिपाई एवढं पेलू शकतो. त्याला चटणी मागायला लावायचं, म्हणजे त्याच्याकडून फार थोडं घेणं झालं.

मामा : त्या अमेरिकन मार्क होगनकॅम्पचं काय? २००० साली पाच जणांनी त्याला बारबाहेर इतकं मारलं, की त्याची आठवण गेली, चालणं-लिहिणं नव्याने शिकावं लागलं. त्याने अंगणात दुसऱ्या महायुद्धातलं एक गाव बांधलं, बाहुल्यांचं. खेळण्यातली जीप दोरीने बांधून तो रस्त्याच्या कडेने मैलोन् मैल ओढत न्यायचा, का, तर टायर खरोखर झिजलेले दिसावेत. त्याच्या गावात मारामाऱ्या आहेत, लग्नं आहेत, गमती आहेत. ज्याने मार खाल्ला त्यानेच गमतीला जागा ठेवली. मला लेव्हिंथलचे फोटो थोर वाटतात. पण रोज बघवत नाहीत. आणि मला हे रोज करायचंय.

तात्सुया तानाका या जपानी छायाचित्रकाराचं नाव इथे घ्यायला हवं, कारण ‘रोज’ या शब्दाला त्याच्याइतकं कुणी जागलेलं नाही. एप्रिल २०११ पासून तो दररोज एक छोटं दृश्य मांडतो आहे. ब्रोकोलीचं झाड होतं, पावाची गादी होते. त्याची माणसं सहसा शिपाई नसतात, म्हणून त्याच्या वाट्याला भाचीचे प्रश्न येत नाहीत. शिपाई मांडणाऱ्याने ते प्रश्न अंगावर घेतलेले असतात, आणि माझ्या मते म्हणूनच त्याचा एखादा जमलेला विनोद जास्त टिकतो.

भाची : रोज करायचंय तर करा, पण नीट करा. या जवानाचं अंग चमचमतंय. खरा माणूस असा चमकत नाही.

मामा : फ्लॅश लावला की असंच होतं. म्हणून फ्लॅश नाही. एक टेबललॅम्प, त्यासमोर ट्रेसिंग पेपर, आणि दिवा खाली ठेवायचा, सकाळचा सूर्य असतो तसा. वर ठेवला तर सावली पायाखाली जाते आणि माणूस तरंगल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करायचा, म्हणजे चेहऱ्याची काळी बाजू उजळते. चमक घालवायला टाल्कम पावडर, मऊ ब्रशने. साच्याची रेघ पोटावरून जाते ती ब्लेडने खरवडायची. बंदूक वाकलेली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात. पायाखालची चकती रव्यात पुरायची. चकती दिसली की सगळी लबाडी उघडी पडते. ओली जमीन हवी असेल तर उकळून वाळवलेली चहाची पत्ती. सकाळचं धुकं हवं असेल तर उदबत्ती, पण फ्रेमच्या बाहेर ठेवायची आणि पंखा बंद.

भाची : मागचं सगळं पुसट झालंय ते?

मामा : कॅमेरा जितका जवळ, तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद. मोठ्या कॅमेऱ्याने एवढ्या जवळून काढलं तर नाक स्पष्ट आणि कान पुसट, असं होतं. मग भिंगाचं तोंड बारीक करायचं, एफ सोळापर्यंत, कॅमेरा स्टँडवर, वेळ एखादा सेकंद, आणि बटणाला हात न लावता टायमर. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे त्यात जास्त भाग स्पष्ट येतो, ते माझ्या फायद्याचं. फोनमधला पोर्ट्रेट मोड मात्र वापरायचा नाही. तो बंदुकीची नळी ओळखत नाही, अर्धी खाऊन टाकतो.

भाची : सालारजंग म्युझियममध्ये मुलांना घेऊन जाते तेव्हा सगळी गर्दी त्या घड्याळापाशी. बारा टोले ऐकायला. मुलांच्या दालनात तिसऱ्या सालारजंगांनी जमवलेली खेळणी आहेत, त्यात शिपाईही आहेत. पोरं काचेवरून नजर टाकतात आणि पुढे जातात.

मामा : त्यांना गुडघ्यावर बसायला सांग. काचेला नाक लावून. एका तरी पोराचे पाय तिथे थांबतील.

भाची : सांगेन. पण मग बाहेर आल्यावर मी त्यांना गॅलिपोलीही शिकवणार.

मामा : शिकवायलाच हवं. मी कुठे नको म्हणतो?

भाची : आणि शेजारच्या आंटींच्या बोम्मल कोलुवूत दसऱ्याला काय असतं, ते बघितलंय? पायऱ्यांवर देव, त्याखाली निर्मलच्या, कोंडापल्लीच्या लाकडी बाहुल्या, आणि सगळ्यात खाली बाजार, लग्नाची वरात, किराणा मांडून बसलेलं पोटसुटं शेठ-शेठाणीचं जोडपं. तुमच्या पुण्यातल्या किल्ल्यासारखंच, गमतीचं सगळं खाली. पण तिथे निम्म्या बाहुल्या बायका आहेत. तुमच्या किल्ल्यावरही गवळण होती, भाजीवाली होती. तुमच्या या रांगेत एकही बाई नाही.

मामा : पाकिटात येत नाही.

भाची : येत नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीने खेळणी करणाऱ्यांना पत्र लिहून विचारलं, की हिरव्या शिपायांत बायका का नाहीत? बीएमसी टॉइज नावाच्या कंपनीने ते मनावर घेतलं आणि पुढच्या वर्षी बायकांचा संच काढला. आणि इथे? खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ मध्ये मुली दाखल झाल्या, मे २०२५ मध्ये त्यातल्या सतरा जणी बाहेर पडल्या. तुम्ही जवानाचं खरं आयुष्य दाखवायचं म्हणता ना?

मामा : तो संच इथे बाजारात दिसला नाही मला. पण एम-सील आहे घरात. केसांचा अंबाडा करता येईल, हेल्मेटच्या मागे बसेल एवढा. चेहरा जरा खरवडावा लागेल, जबडे फार रुंद आहेत यांचे. कुणाला घेऊ? दुर्बीणवाला?

भाची : दुर्बीण नको, बंदूक नको. या गुडघा टेकलेल्याची बंदूक कापा आणि हातात पाना द्या. पुढ्यात जीप हवी, बॉनेट उघडलेलं. ईएमईतली आहे ती.

मामा : जीपमध्ये काय बिघडलंय?

भाची : तुम्ही सांगा, तुमचं खातं आहे.

मामा : रेडिएटरमध्ये मोहरी अडकली आहे. एकच दाणा. त्यांच्या हिशेबाने लिंबाएवढा.

भाची : मग तो दाणा फोटोत दिसला पाहिजे, तिच्या तळहातावर. आणि बाकीचे सगळे तिच्याभोवती वाकून बघताहेत असे उभे करा, दोन्ही रंगांचे. खाली काही लिहू नका. मागे पांढरा कागद लावा, रस्ता नको.

मामा : एम-सील मळल्यावर फार वेळ थांबत नाही. ते ब्लेड दे इकडे, आणि आधी ती इडली उचल, मुंग्या लागल्या.